घरची मंडळी: कुडझूची वेल

सोहम: अमेरिकेतला एक फोटो बघितला. अख्खं घर वेलीखाली गेलंय, छप्परसुद्धा दिसत नाही. नाव कुडझू. तिथे ती आणली कोणी?

मावशी: शोभेसाठी आणली रे. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जपानने मांडली होती. मोठी पानं, जांभळे घोस, द्राक्षांसारखा वास. लोकांनी हौसेने ओसरीवर चढवली.

काका: आणि मग शेतात?

मावशी: आधी गुरांना चारा म्हणून. घेवड्याच्या कुळातली आहे, मुळांवरच्या गाठींत नत्र धरते. १९३० नंतर दक्षिणेत कापसाने खंगलेली माती वाहून चालली होती. सरकारच्या मृदसंधारण खात्याने कोट्यवधी रोपं तयार केली, लावणाऱ्याला एकरी ८ डॉलरपर्यंत दिले.

काका: म्हणजे चूक सरकारचीच.

मावशी: अर्धीच म्हणेन, भाऊजी. गुरं सतत चरली तर ही वेल मरते. जिथे लावून पाठ फिरवली तिथे ती दिवसाला फूटभर वाढली. १९५३ मध्ये खात्यानेच शिफारशीतून काढून टाकली.

ताई: जपानात मग कशी आवरतात?

मावशी: तिथे तिला खाणारे किडेही आहेत, पण माणसांनीही तिला कधी मोकळी सोडली नाही. हिवाळ्यात मुळं खणायची, कुटायची, गार पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन निवळायची. तळाशी पांढरं सत्त्व बसतं, ते मिठाईत आणि रस्सा दाट करायला वापरतात. नारा शहराजवळच्या योशिनो गावचं सत्त्व नावाजलेलं. चिनी वैद्य हेच मूळ ताप आणि आखडलेल्या मानेवर देतात.

आणि कापड! चीनमध्ये उन्हाळ्याचे कपडे याच वेलीच्या धाग्याचे असत, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कवितेत तिची कापणी आणि विणकाम आलंय. जपानात काकेगावा शहरात अजून विणतात. वेल उकळायची, आंबवायची, वाहत्या पाण्यात साल सोडवून आतला तंतू काढायचा. सामुराई, म्हणजे तिथले जुने योद्धे, त्याचे कपडे घालत.

सोहम: एवढा लांब धागा निघतो?

मावशी: नाही ना. तुकड्याला तुकडा गाठ मारून जोडतात, एकेक, हाताने. पीळ देत नाहीत, म्हणून कापड रेशमासारखं चमकतं.

ताई: मावशी, फोटो असेल तर टाक ना.

मावशी: शोधते. गाठी जवळून दिसतील असाच टाकते.