पब्लिक हिस्टरीत मास्टर्स करावं का? खान्देशातून विचारतेय

तापीकाठची
नमस्कार मंडळी. मी शिरपूर तालुक्यातली, यंदा हिस्टरीत बीए झालं. घरचे म्हणतात बीएड कर नाहीतर एमपीएससीला बस. मला म्युझियम, जुन्या वास्तू, लोकांच्या आठवणी असल्या कामात पडायचंय. शोधता शोधता आयर्लंडमधल्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचा एक वर्षाचा एम.फिल. (तिकडे तो मास्टर्सच) दिसला, पब्लिक हिस्टरी अँड कल्चरल हेरिटेज, तेव्हापासून तेच डोक्यात आहे. आमच्या थाळनेरला खान्देशावर राज्य केलेल्या फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत, त्यातली अष्टकोनी तर बघत राहावी अशी, पण कॉलेजातून तीन वर्षांत एकदाही कुणी नेलं नाही, फ्रेंच राज्यक्रांती मात्र दोनदा झाली. तर हे शिकून नेमकं करतात काय, इकडे जवळपास असं काही आहे का, आणि पप्पांना काय सांगू? कापसाच्या भावाचं तुम्हाला माहितीच आहे.

भरीतवाला_जळगाव
ताई, मी बडोद्याला एम.एस. युनिव्हर्सिटीतून म्युझिऑलॉजी केलं. ते डिपार्टमेंट १९५२ पासून चालू आहे. पण तिथे मुख्य काम वस्तूचं, म्हणजे नोंद, जतन, मांडणी. पुण्याचं डेक्कन कॉलेज म्हणजे पुरातत्त्व. तुमच्याकडच्या प्रकाशा गावी तापी-गोमाईच्या संगमावर १९५५ मधे बी. के. थापरांनी उत्खनन केलं, ताम्रपाषाण काळापासूनचे थर निघाले, तसल्या कामात जीव रमत असेल तर तिकडे जा. पब्लिक हिस्टरीत प्रश्नच वेगळा असतो की हे जे निघालं ते गावातल्या माणसाला कोण सांगणार, कसं सांगणार, आणि त्याच्याकडची गोष्ट आपण ऐकणार की नाही. नोकरीचं खरं सांगतो, मला पहिली दोन वर्षं कंत्राटी मिळालं आणि पगार दर तीन महिन्यांनी. पप्पांना हे आधीच सांगून ठेव, नंतर कळलं तर जास्त लागतं.

कळण्याची_भाकर
मी मूळ अमळनेरचा, डब्लिनात आयटीत आहे, त्यामुळे कोर्सचं आतलं माहीत नाही. पण हा विषय इथे का जोरात आहे ते सांगतो. १९२२ च्या यादवीत इथला सरकारी दप्तरखाना जळून गेला, कित्येक शतकांचे कागद एका दिवसात राख. शंभर वर्षांनी ट्रिनिटीच्याच पुढाकाराने दुसऱ्या देशांत पडलेल्या नकला शोधून तो दप्तरखाना ऑनलाइन परत उभा करायला घेतलाय. दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. १९३७ ते ३९ मधे इथल्या शाळांतल्या सुमारे ५०,००० पोरांना वह्या देऊन सांगितलं की घरी जा, म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि लिहून आणा, भुताच्या गोष्टी, औषधं, सण, काय वाटेल ते. आज त्या पोरांच्या हस्ताक्षरातली पानं कुणीही फुकट बघू शकतो. आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीची गाणी अशी शाळाशाळांतून उतरवली असती तर, असं दर श्रावणात वाटतं भो. मास्टर्सनंतर इथे दोन वर्षांपर्यंत राहून काम शोधता येतं, पण घरभाडं ऐकून तुला घेरी येईल.

धुळेकर_काका
बेटा, स्कॉलरशिपच्या भरवशावर असशील तर सावध. केंद्र सरकारच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या २०२२ च्या नियमात भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास हे विषयच वगळले होते. म्हणजे जायचं तर जा पण आपल्या घरचं शिकायला जाऊ नको. अर्ज भरण्याआधी चालू वर्षाची जाहिरात ओळन् ओळ वाच.
आणि आधी धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बस. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मधे धुळ्यातच गेले, त्यांच्या नावाने ते उभं आहे. मोडी शीक, पुराभिलेखवाल्यांचे वर्ग असतात. आपल्याकडे मोडी वाचता येत नाही कुणाला आणि सगळं जातं मोडीत. आमच्या घरचे सोनगीरचे तांब्याचे हंडे मी स्वतः किलोवर विकले, १९९८ ला. एकेकावर ठोके मारून नाव, गाव, साल टाकलेलं होतं, कुणी कुणाला कोणत्या लग्नात दिलं सगळं. तेव्हा भांडी दिसली फक्त. आता ती माणसं आठवायला काहीच उरलं नाही.

तापीकाठची
सगळ्यांना थँक्यू. काका, तुमचं वाचून काल आमच्या माळ्यावरची घागर काढली, चिंच लावून घासली. काठाखाली ठिपक्या ठिपक्यांनी लिहिलंय ‘सौ. ठगूबाई, थाळनेर, १९५१’. आमच्यात ठगूबाई कुणीच नाही म्हणून आजीला विचारलं तर ती म्हणे ‘मन्ही जेठानी व्हती’, आणि मग तासभर बोलत राहिली, त्या बाईला पोर नव्हतं, ती विहिरीवर कुणाशी भांडली, घागर आमच्याकडे कशी आली. मोबाईल हातातच होता आणि रेकॉर्डिंग लावायचं सुचलंच नाही. आज परत विचारलं तर म्हणते काल सांगितलं ना.