फ्रँक क्रेव्हन नुसता साइड रोलवाला नव्हता
अमेरिकन नट फ्रँक क्रेव्हन म्हणजे सिनेमात छोटे रोल करणारा म्हातारा असं म्हणालात, ते मला अजिबात पटलं नाही. अहो, १९२० साली त्याने स्वतः लिहिलेल्या 'द फर्स्ट इयर' नाटकाचे ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, ७६० प्रयोग झाले, मेन रोलही त्याचाच, मग हॉलिवूडला जाऊन लॉरेल-हार्डीच्या 'सन्स ऑफ द डेझर्ट'ची कथा लिहिली, १९३४ला एक सिनेमा डायरेक्टसुद्धा केला. पण खरा क्रेव्हन 'अवर टाउन' या नाटकातला. १९३८ साल, स्टेजवर सेट जवळपास नाहीच, आणि हा डोक्यावर हॅट, तोंडात पाइप, आपल्या सूत्रधारासारखा थेट प्रेक्षकांशी बोलत अख्खं गाव उभं करतो! नायक जॉर्जच्या भूमिकेत त्याचाच मुलगा जॉन. याच नाटकावरच्या १९४०च्या सिनेमात क्रेव्हनचा हाच रोल आहे, पटकथेतही हात आहे, तेवढा तरी बघाच.