दूध आणि सफरचंदं

‘अ‍ॅनिमल फार्म’ची कलाटणी शेवटी, डुकरं आणि माणसं वेगळी ओळखू येईनाशी होतात तिथे आहे, असं म्हटलं जातं, ते मला पटलं नाही. जॉर्ज ऑर्वेलच्या या कादंबरीत शेतावरचे प्राणी मालक जोन्सला हाकलून देतात आणि मग डुकरंच सत्ता हातात घेतात. शेवटी फक्त निकाल लागतो. स्वतः ऑर्वेलने १९४६च्या एका पत्रात दूध आणि सफरचंदं डुकरं स्वतःकडे ठेवतात, ती जागा कलाटणीची मानली होती. तेव्हा ना कुत्री सोडलेली असतात, ना नियम खोडलेले. नुसतं सांगितलं जातं, आम्ही डोक्याचं काम करतो, आम्हाला हे लागतं. नाहीतर जोन्स परत येईल. आणि सगळे गप्प.

आमचे आजोबा सोलापुरात गिरणीत साचे (माग) चालवायचे. त्यांना ही गोष्ट सांगितली, तर राबून राबून शेवटी खाटकाला विकल्या गेलेल्या बॉक्सर घोड्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही (मला वाटलं होतं, रडतील). दुधापाशी मात्र थांबवलं. म्हणाले, “आमचा जॉबर, माणसं कामावर लावणारा मुकादम, आमच्यातलाच होता की. पहिल्यांदा त्यानं फकस्त चहा मागितला. कोण नाही म्हणणार चहाला? मग बदलीवाल्याला, म्हंजे गैरहजर माणसाच्या जागी येणाऱ्याला, काम लावायचं तर पगारातनं हिस्सा.” मालकाचं नाव त्यांना आठवत नव्हतं. जॉबरचं अजून पाठ होतं.