टोकन ‘फिरवा’ म्हणजे नक्की काय करा?

मूळ प्रश्न (इंदिरानगर)

चूक माझी आहे, आधीच कबूल करतो. आमच्या ऑफिसात यंदा चार नवी मुलं आलीत. दोन सिन्नरची, एक सटाण्याचा, एक मुलगी इगतपुरीची. डिप्लोमा झालेली, हाताला चलाख, पण इंग्रजी मॅन्युअल समोर ठेवलं की तिसऱ्या पानावर गाडी अडते. म्हणून रोजच्या कामाची एक मराठी वही लिहायला घेतली. पहिलाच धडा : सर्व्हिस मेशच्या गेटवेंना प्रवेशाची टोकनं कशी द्यायची. सर्व्हिस मेश म्हणजे आमच्या वेगवेगळ्या सेवांना (प्रोग्रॅमना) एकमेकांशी सुरक्षित जोडणारं जाळं, गेटवे म्हणजे त्याचे दरवाजे, आणि टोकन म्हणजे ओळख पटवायला दाखवायची गुप्त अक्षरं. आमच्याकडे हे जाळं सांभाळायला कॉन्सल नावाचा प्रोग्रॅम आहे आणि गेटवे म्हणून एन्व्हॉय नावाचा चालतो.

वहीत एक ओळ अशी होती : ‘दर तीन महिन्यांनी प्रत्येक गेटवेचं टोकन फिरवावं.’ इंग्रजीत ‘रोटेट’ म्हणतात, त्याचं मी सरळ ‘फिरवणे’ केलं. सोमवारी सकाळी मोबाइल बघतो तर सटाण्याच्या पोराने पाचही गेटवेंची टोकनं टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली. खाली लिहिलंय, ‘सर, फिरवली.’

त्याला काय बोलणार? मराठीत मेसेज फिरवतात, वर्गणीची वही फिरवतात, लग्नाचा अल्बम फिरवतात. फिरवणं म्हणजे चारचौघांच्या हातांखालून नेणं, आणि मला हवं होतं त्याच्या अगदी उलट. पाचही टोकनं रद्द करून नवी काढण्यात दुपार गेली.

तर मंडळी, ‘फिरवा’च्या जागी काय लिहू? आणि हात घातलाच आहे तर टोकनलाही मराठी शब्द शोधावा का? वहीच्या पहिल्या खर्ड्यात ‘परवाना’ लिहिलं होतं.

प्रतिसाद (नाशिकरोडचे काका)

टोकनला हात लावू नका. तुमच्या जन्माआधीपासून तो शब्द मराठीत आहे. आमच्या वेळी बँकेत चेक दिला की कारकून पितळी टोकन हातावर ठेवायचा. गोल, मधे आकडा कोरलेला, कडा घासून गुळगुळीत. मग बाकावर बसायचं. कॅशियर ‘बेचाळीस’ पुकारायचा आणि ज्याच्या हातात बेचाळीस त्याला पैसे. नाव-गाव कोणी विचारत नसे. खिशातून पडलं आणि दुसऱ्याला सापडलं, तर पैसे त्याचे!

या गुणाला आपल्याकडे नेमका शब्द आहे, धारक. जेल रोडला १९२८ पासून ज्या नोटा छापल्या जातात त्यांवर ‘मैं धारक को’ असंच असतं. ज्याच्या हाती, त्याची. आता परवान्याचं बघा. शस्त्र परवाना माझ्या नावाचा असेल तर तुम्ही तो खिशात घालून फिरलात म्हणून बंदूक तुमची होत नाही. परवान्यावर नाव असतं, टोकन मुकं असतं. तुमची संगणकातली वस्तू यातली कुठली?

इंदिरानगर

काका, पितळी टोकनाचीच सख्खी बहीण. २०१२ साली आलेल्या आरएफसी ६७५० या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात अशा टोकनाला ‘बेअरर’ असं विशेषणच दिलंय. म्हणजे तुमचा धारक. तिथला बेअरर आणि बेअरर चेकमधला बेअरर एकच, हे माझ्या डोक्यात आजवर आलंच नव्हतं.

फक्त कॉन्सलच्या टोकनाला दोन अंगं असतात. दोन्ही ३६ अक्षरांची, रेघांनी तोडलेली, दिसायला जुळी. एक सीक्रेट आयडी, तो गेटवे दाखवतो आणि दार उघडतं. दुसरा ॲक्सेसर आयडी, तो नुसता ओळखीचा आकडा. लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदींत, हाच येतो, तो कोणी पाहिला तरी दार उघडत नाही. पहिल्याला वहीत ‘गुपित’ केलंय, दुसऱ्याला ‘बिल्ला नंबर’. स्टेशनवरच्या हमालाच्या दंडावर असतो ना, लांबून वाचावा म्हणूनच लावलेला, तसा.

आणि परवाना हा शब्द मी चुकीच्या जागी खर्च केला, हे आता कळतंय. परवाना म्हणजे कॉन्सलमधली पॉलिसी. कुणी काय करायचं ते पॉलिसीत लिहिलेलं असतं, टोकन तिला नुसतं जोडलेलं. हा भेद कागदी नाही, दोन्हींच्या तक्रारी वेगळ्या येतात. टोकनच ओळखीचं नसेल तर ‘एसीएल नॉट फाउंड’ (एसीएल म्हणजे कोणाला काय करता येईल ते ठरवणारी यंत्रणा). टोकन खरं पण परवाना तोकडा असेल तर ‘परमिशन डिनाइड’, आणि पुढे सविस्तर : अमुक बिल्ला नंबरच्या टोकनाला अमुक सेवेवर अमुक हक्क नाही. पहिल्या तक्रारीत टोकन तपासायचं. दुसरीत टोकनाला हातही लावायचा नाही, पॉलिसी दुरुस्त केली की तेच टोकन अर्ध्या मिनिटात चालू लागतं. कारण पॉलिसीबाबत कॉन्सलची याददाश्त मुळात ३० सेकंदांची ठेवलेली असते. दोन्हींना परवाना म्हटलं की पोरं दर वेळी नवं टोकन काढत बसतात. आमच्याकडे बसलीच होती.

प्रतिसाद (दिंडोरीची ताई)

मी शेती शाळेत शिकवते आणि घरीही करते, त्यामुळे शीर्षक वाचून आधी वाटलं ‘टोकण’ची चर्चा आहे. हसू नका. आमच्याकडे पाऊस पडला की ‘टोकण झाली का?’ हाच प्रश्न गावभर असतो. भुईमूग, मका, आता सोयाबीनसुद्धा टोकतात. ठरलेल्या अंतरावर भोक करायचं आणि मोजून दाणे सोडायचे. पाभरीने पेरण्यापेक्षा बियाणं कमी लागतं आणि कुठला दाणा कुठे गेला हे ठाऊक असतं. याच्या उलट फोकून पेरणं. मुठी भरून उधळायचं, उगवेल तिथे उगवेल.

तुमच्या पोराने टोकनं फोकली, एवढंच झालं.

आता फिरवण्याबद्दल. तुम्ही लोक शहरात शब्द शोधत बसता आणि तो बांधावर पडलेला असतो. पिकांचं रोटेशन म्हणजे फेरपालट. कृषी खात्याच्या पत्रकात असतो आणि आमच्या सासऱ्यांच्या तोंडीही. ‘टोकनांची फेरपालट करा’ असं लिहा. कोणी ग्रुपवर टाकणार नाही.

प्रतिसाद (सातपूर)

ताई, शब्द झकास आहे पण अर्थ अर्धाच बसतो. फेरपालटीत सोयाबीननंतर हरभरा येतो आणि पुढच्या वर्षी सोयाबीन परत येतं. टोकन एकदा गेलं की परत आणायचं नाही. शिवाय कॉन्सलमध्ये जुन्या टोकनाचं गुपित बदलताच येत नाही, ते जन्माला येतानाच ठरतं. म्हणजे ‘टोकन बदला’ हेही चूक. दुसरं टोकन काढायचं, गेटवेला लावायचं, आणि मग जुनं मारायचं. मी नुसतं ‘पालटा’ म्हणेन. कपडे पालटतो, पालखीचे भोई पालटतात. नवा भोई खांदा देतो, मग जुना सुटतो. मधे पालखी खाली टेकत नाही.

हा क्रम जिवाचा आहे, अनुभवाने सांगतो. एका जुन्या नोकरीत मी शनिवारी जुनं टोकन काढून टाकलं आणि नवं टोकन घेऊन एन्व्हॉय पुन्हा सुरू करायचा विसरलो. एन्व्हॉयला टोकन सुरू होतानाच मिळतं. चालू असताना त्याच्या कानात नवं टोकन सांगता येत नाही. गंमत म्हणजे काहीच बंद पडलं नाही. एन्व्हॉय शेवटची मिळालेली मांडणी धरून आरामात चालू राहिला, रविवार गेला, सोमवार गेला. नवं काही त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हतं एवढंच, आणि त्यात नवं प्रमाणपत्रही आलं, म्हणजे जोडणी करताना समोरच्याला ओळख पटवणारं डिजिटल ओळखपत्र. त्या प्रमाणपत्रांची मुदत मुळात ७२ तास असते. मंगळवारी पहाटे एकामागून एक जोडण्या तुटायला लागल्या आणि मी लॉगमध्ये सोमवारी रात्री कोणी काय बदललं ते शोधत बसलो. गुन्हा शनिवारचा!

बाकी नामाला मराठी प्रतिशब्द शोधण्यात वेळ घालवू नका असं माझं मत. महापौर, दिनांक हे शब्द सावरकरांच्या नावावर जमा आहेत, आणि भगूर इथून हाकेच्या अंतरावर, म्हणून नाशिककराला शब्द घडवायची खुमखुमी येते हे समजतं. पण टोकन, गेटवे, पॉलिसी पोरांना आधीच कळतात. अडतात ती क्रियापदं. तुमच्या वहीत ‘राइट’चं, म्हणजे पॉलिसीतल्या ‘रीड’ आणि ‘राइट’ या दोन हक्कांमधल्या दुसऱ्याचं, काय केलंय?

इंदिरानगर

पकडलंत. ‘सेवेवर लिहिण्याची परवानगी’ असं केलंय. आणि काल इगतपुरीच्या मुलीने विचारलं, ‘सर, गेटवे सेवेत काय लिहितो?’ मला सांगता आलं नाही, कारण तो काहीच लिहीत नाही.

काका, नाशिकरोड

मग काय करतो? तांत्रिक शब्द बाजूला ठेवून सांगा, तसा शब्द देतो.

सातपूर

काका, कॉन्सलकडे सगळ्या सेवांची नोंदवही असते. कोण कुठल्या पत्त्यावर आहे ती. ‘अमुक सेवेवर राइट’ असलेलं टोकन त्या वहीत अमुक नावाने स्वतःची नोंद करू शकतं आणि त्या नावाचं प्रमाणपत्र मागू शकतं. म्हणजे त्या नावाने उभं राहू शकतं. ‘रीड’ असलं तर फक्त शोधू शकतं, कोण कुठे आहे ते.

काका, नाशिकरोड

अहो, हा तर सातबारा झाला. रीड म्हणजे उतारा काढणं, तो कोणीही काढतो. राइट म्हणजे नाव लावणं. ‘सातबाऱ्यावर नाव लावून घेतलं’ म्हटल्यावर तलाठ्याने काहीतरी लिहिलं एवढाच अर्थ कोणी घेतो का? भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात त्यावरून.

सातपूर

काका, साष्टांग. एवढ्याने अख्खा धडा सुटतो. मेश गेटवे, म्हणजे एका डेटासेंटरची वेस. त्याच्या टोकनाला फक्त स्वतःचं नाव लावायचा हक्क, आणि सगळ्या सेवांचे व नोडचे (म्हणजे मशिनांचे) उतारे बघायचा. इन्ग्रेस गेटवे, बाहेरून आत येणाऱ्यांचा दरवाजा, त्याचंही साधारण तेच.

अवघड जागा टर्मिनेटिंग गेटवेची. मेशमध्ये नसलेल्या सेवा, म्हणजे कोपऱ्यात चालणारा जुना डेटाबेस वगैरे, त्यांच्या वतीने हा उभा राहतो आणि त्यांच्याच नावाचं प्रमाणपत्र दाखवतो. म्हणून त्याला स्वतःच्या नावाबरोबर त्या प्रत्येक सेवेच्या नावावर राइट द्यावा लागतो. लोक इथेच अडकतात. गेटवे नोंदला जातो, हिरवा दिसतो, पण डेटाबेसकडे जाणारी जोडणी उघडत नाही. स्वतःचं नाव लागलंय, दुसऱ्याचं मुखत्यारपत्र नाही!

मग वैतागून कोणीतरी सगळ्याच सेवांवर राइट देऊन टाकतो. किंवा त्याहून वाईट, कॉन्सल सुरू करताना एकदाच निघणारं बूटस्ट्रॅप टोकन गेटवेला चिकटवतो. त्याला सगळेच हक्क असतात. काम चालतं, म्हणून कोणी पुन्हा बघत नाही.

दिंडोरीची ताई

ते कुलमुखत्यारपत्र झालं. आमच्याकडे एकाने असंच सही करून दिलं होतं. पुढचं सांगत नाही, प्रकरण चालू आहे.

इंदिरानगर

सगळ्यांचे आभार. रात्री बसून धडा नव्याने लिहिला. मधला भाग इथे ठेवतो, कुरकुर असेल तर सांगा :

‘गेटवे पाच, तर टोकनं पाच. एकाच टोकनावर दोन गेटवे चालवू नका. एक फुटलं तर दोन्ही जातील, आणि बिल्ला नंबर एकच असल्याने लॉगमध्ये कोण ते कळणार नाही. आधी पॉलिसी लिहा : हा गेटवे कोणाच्या नावाने उभा राहणार, ती नावं एकेक करून घाला. ‘सगळे’ लिहायचा मोह झाला तर आधी मला विचारा. मग टोकन काढून पॉलिसीला जोडा. गुपित फक्त गेटवेच्या मशिनवरच्या फाइलमध्ये जाईल. फोन, ग्रुप, वही, कुठेही नाही. कुणाला काही विचारायचं असेल तर बिल्ला नंबर सांगा, तो सांगायला हरकत नाही. तीन महिन्यांनी टोकन पालटा : नवं काढा, फाइलमध्ये घाला, एन्व्हॉय पुन्हा सुरू करा, नव्या बिल्ला नंबरने काम चाललंय हे लॉगमध्ये डोळ्यांनी बघा, आणि मगच जुनं रद्द करा.’

एक जागा अजून खटकतेय. टोकन न दाखवता कोणी विचारणा केली तर कॉन्सल त्याला सरळ हाकलत नाही. तो ‘ॲनॉनिमस’ नावाच्या ठरलेल्या टोकनाचा धरला जातो आणि त्या टोकनाला जे हक्क असतील ते त्याला मिळतात. मी ‘निनावी टोकन’ लिहिलं. पण पोरांना वाटतं की ज्याला नाव द्यायचं राहिलं असं एखादं टोकन.

काका, नाशिकरोड

‘बिनटोकनाचा’ लिहा. रेल्वेत बिनतिकीट म्हणतो तसं.

इंदिरानगर

पण काका, त्याच्याकडे टोकन असतं. नसलेल्यांसाठीच ठेवलेलं.

दिंडोरीची ताई

पंगतीत आगंतुकांसाठी चार पानं जास्तीची मांडतात, तसं?

सातपूर

तसंच. आणि त्या पानावर काय वाढायचं ते यजमानाने आधी ठरवायचं. आमच्याकडे रिकामंच ठेवतो.

इंदिरानगर

‘आगंतुकाचं टोकन’. घेतलं.