सुतासाठी बेनापोल बंद: न्हावा शेवाहून चितगावला माल पाठवताना काय काय बदलतं?

खानदेशी_सूत (प्रश्न)

नमस्कार मंडळी. धुळे जिल्ह्यातल्या गिरणीचं ३० नंबरचं कोम्ब्ड कॉटन सूत, एचएस कोड (सीमाशुल्काचा माल-क्रमांक) ५२०५, नारायणगंजच्या होजिअरीवाल्यांना जातं. आजवरचा मार्ग ट्रकने सीमेवरचं पेट्रापोल आणि पलीकडे बांगलादेशातलं बेनापोल. बांगलादेशने १३ एप्रिल २०२५ च्या आदेशाने बेनापोल, भोमरा, सोनामसजिद, बांगलाबांधा आणि बुडीमारी या भू-बंदरांतून सुताची आयात थांबवली, म्हणून पुढची खेप समुद्रमार्गे काढायची आहे. हातात साधारण १८ टनांची एलसी (खरेदीदाराच्या बँकेचं पैशांच्या हमीचं पत्र) आहे, पण तिच्यात बेनापोल लिहिलंय.

एलसीत नेमकं काय बदलून घ्यायचं? ट्रकने जायची तीच पीपी (प्लास्टिकची विणलेली) पोती कंटेनरमध्ये चालतील का? आणि तिसरं, भारत-बांगलादेशात कोस्टल शिपिंगचा करार आहे, बीबीआयएन (बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ) मोटर वाहन करार आहे, चितगाव-मोंगला बंदरं वापरायचा करार आहे. यातला एखादा आमच्या उपयोगाचा आहे का, की सगळे फोटोपुरतेच?

---

एलसी_वाचक

एलसीपासून सुरुवात करा. दुरुस्ती हातात येईपर्यंत गिरणीतून एक पेटीही हलवू नका.

एलसीतल्या प्रत्येक रकान्याला क्रमांक असतो. ४४ई मध्ये लोडिंगचं बंदर न्हावा शेवा आणि ४४एफ मध्ये डिस्चार्जचं बंदर चितगाव यायला हवं. बेनापोल ४४बी (अंतिम ठिकाण) मध्ये असेल तर ते काढून टाकायला सांगा. आतापर्यंत बँकेला तुम्ही ट्रकची बिल्टी देत होता, आता 'शिप्ड ऑन बोर्ड' नोंद असलेलं बिल ऑफ लेडिंग (बीएल, जहाज कंपनीची मालाची पावती) लागेल, त्यामुळे ४६ए मधली कागदांची यादीही बदलते. बरेच जण बंदराचं नाव बदलून घेतात आणि ४६ए मध्ये ट्रक रिसीट तशीच राहते. मग बँक डिस्क्रिपन्सी, म्हणजे कागदांतली विसंगती, काढते आणि खरेदीदार भाव पाडून मागतो.

४४सी मधली शेवटची शिपमेंट तारीख किमान तीन आठवडे पुढे न्या. ट्रक आज भरला की बिल्टीवर आजची तारीख पडते. बीएलवर पडते ती जहाजावर चढवल्याची तारीख, आणि जहाज तुमच्या सोयीने लागत नाही.

मुदतीच्या, म्हणजे पैसे काही दिवसांनी मिळणाऱ्या, एलसीत आणखी एक गोम आहे. समजा मुदत १२० दिवसांची असेल, तर ते दिवस कशापासून मोजायचे ते बघा. बीएलच्या तारखेपासून असतील तर समुद्रातले तीन आठवडे खरेदीदाराच्या उधारीतून जातात, म्हणून तो 'स्वीकृतीच्या तारखेपासून' असा बदल मागणारच. मान्य करायला हरकत नाही, पण तेवढ्या दिवसांचं व्याज भावात धरा. ट्रकच्या भावात समुद्राची एलसी घेऊ नका.

---

उरणकर

वरच्या प्रतिसादात ट्रान्सशिपमेंट, म्हणजे वाटेत जहाज बदलणं, राहिलं. न्हावा शेवाचा चितगावचा माल बहुतेक वेळा कोलंबोत उतरून फीडर (लहान जोड) जहाजावर चढतो. त्याला कारण चितगावची नदी. बंदर कर्णफुलीच्या काठावर आहे, जहाजं भरतीच्या वेळेला आत घ्यावी लागतात, आणि जानेवारी २०२३ मध्ये मर्यादा वाढवल्यावरही धक्क्यावर २०० मीटर लांबी आणि १० मीटर ड्राफ्टपर्यंतचंच (पाण्याखालची खोली) जहाज लागतं. त्याआधी ड्राफ्ट साडेनऊ मीटरचा होता. मोठं जहाज तिथे जाऊच शकत नाही. मातारबाडीला खोल पाण्याचं बंदर याच अडचणीवर बांधताहेत.

म्हणून ४३टी मध्ये ट्रान्सशिपमेंट 'अलाउड' करून घ्या.

---

एलसी_वाचक

उरणकर, बरोबर. एक भर घालतो. यूसीपी ६०० (एलसीची आंतरराष्ट्रीय नियमावली) च्या कलम २० प्रमाणे बीएलवर माल कंटेनरमध्ये असल्याचं दिसत असेल, तर एलसीत ट्रान्सशिपमेंटला मनाई असली तरी बँकेने ते बीएल स्वीकारायचं असतं. फक्त हे कलम काउंटरवर उलगडून सांगत बसण्यापेक्षा तीच दुरुस्ती सोबत करून घेतलेली स्वस्त पडते.

---

उरणकर

आता कंटेनर. पोती विसरा. ट्रकमध्ये पोत्यावर पोतं टाकलं तरी आठवड्याभरात माल उतरायचा. इथे तो तीन आठवडे बंद डब्यात, कोलंबोच्या यार्डात उन्हात आणि मग बंगालच्या उपसागराच्या दमट हवेत असतो. पोत्यातला खालचा कोन (सूत गुंडाळलेला शंकू) चेपतो आणि चेपलेला कोन निटिंग मशीनवर धागा तोडतो. त्यासाठी पुठ्ठ्याची पेटीच घ्या, पाच किंवा सात प्लायची (थरांची).

नेहमीचा हिशोब असा. १.८९ किलोचा एक कोन, पेटीत २४ कोन, म्हणजे निव्वळ ४५.३६ किलो, जुने शंभर पौंड. ४० फुटी हाय-क्यूबमध्ये (जास्त उंचीच्या कंटेनरमध्ये) ४०० पेट्या आरामात बसतात, म्हणजे १८,१४४ किलो. तुमची १८ टनांची एलसी एका डब्यात मावते. वजनाला पाच टक्के कमी-जास्त सूट यूसीपीच्या कलम ३० मध्ये आहे, पण एलसीत पेट्यांची संख्या घातली असेल तर ती सूट मिळत नाही, आणि बिलाची रक्कम एलसीच्या वर कधीच चालत नाही. म्हणून १८,००० किलोची एलसी असेल तर ४०० पेट्या भरून १४४ किलो फुकट द्यायचे की ३९६ पेट्या भरायच्या, हे गिरणीतच ठरवा. ३९६ चे १७,९६२ किलो होतात.

भरण्याआधी कामगाराला रिकाम्या डब्यात उभं करून दारं लावा. आत कुठूनही उजेड दिसला तर डबा परत. सूत वाया जातं ते छताला पडलेल्या टाचणीएवढ्या भोकातून, आणि ते कळतं नारायणगंजला. फरशी ओली किंवा वासाची असेल तरीही परत. तळाला आणि भिंतींना क्राफ्ट पेपर, कॅल्शियम क्लोराइडच्या किलो-किलोच्या आठ-दहा ओलशोषक पिशव्या बाजूच्या कड्यांना टांगून. पेट्यांवर ठेवल्या तर पाणी धरून त्याच गळतात. वरच्या थरावर पुठ्ठा अंथरा, कारण रात्री छताला धरलेला घाम खाली ठिबकतो. जून ते सप्टेंबर यातलं काहीही वगळू नका.

पेटीचं ढोबळ वजन ४८ किलो धरलं तर ४०० पेट्यांचे १९,२०० आणि डब्याचे स्वतःचे ३,८०० च्या आसपास. व्हीजीएम (भरलेल्या डब्याचं प्रमाणित वजन) २३ टनांच्या घरात यायला हवं. ते २१ आलं तर पेट्या मोजण्यात चूक झालीय, काट्यावरून गाडी परत घ्या. व्हीजीएमशिवाय जुलै २०१६ पासून डबा जहाजावर चढत नाही. गिरणीतच भरणार असाल तर आरएफआयडी ई-सील (यंत्राने वाचता येणारं सील) लावायचं आणि त्याचा क्रमांक शिपिंग बिलात (कस्टम्सच्या निर्यात अर्जात) टाकायचा. सीलचा क्रमांक एका आकड्याने चुकला तरी गेटवर गाडी बाजूला उभी राहते, आणि कटऑफ, म्हणजे बंदरात डबा घेण्याची शेवटची वेळ, कोणासाठी थांबत नाही.

---

खानदेशी_सूत

खूप उपयोगी. पेटीवर छापायचं काय? ट्रकने जायचं तेव्हा खरेदीदार म्हणायचा तसा स्टिकर लावायचो.

---

एलसी_वाचक

स्टिकर नको. बांगलादेशच्या आयात धोरणात आयातदाराचं नाव, पत्ता आणि कर क्रमांक न पुसणाऱ्या शाईने किमान दोन टक्के मोठ्या पेट्यांवर असावेत अशी अट असते, आणि एलसीच्या ४७ए मध्ये (जादा अटींच्या रकान्यात) ती जशीच्या तशी उतरते. ४०० पेट्यांचे दोन टक्के म्हणजे आठ. या आठ पेट्या दाराजवळ ठेवा. तपासणीला डबा उघडला की पहिल्या रांगेतच दिसल्या पाहिजेत. त्या पार आत गेल्या तर पेट्या उपसून शोधतात, आणि उपसलेल्या पेट्या परत तशा लागत नाहीत. 'मेड इन इंडिया' मात्र सगळ्या पेट्यांवर.

इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्टवर एलसी क्रमांकासोबत एलसीएएफ (एलसीचा परवानगी अर्ज), आयआरसी (आयातदाराची नोंदणी) आणि बीआयएन (त्याचा व्हॅट नोंदणी क्रमांक) हे क्रमांक ४७ए मध्ये असतील त्याच क्रमाने. विमा खरेदीदार तिकडच्याच कंपनीचा घेतो, म्हणून भाव सीएफआर चितगाव, म्हणजे चितगावपर्यंतच्या जहाजभाड्यासह पण विम्याशिवाय, द्या. जहाज सुटल्याचा तपशील ठरलेल्या मुदतीत कव्हर नोट (विम्याची प्राथमिक पावती) क्रमांकासह विमा कंपनीला ईमेल करा आणि त्याची प्रत कागदांत जोडा. ही प्रत राहिली म्हणून परत आलेले कागद कमी नाहीत.

---

हुगळीकाठी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही म्हणून लिहितो. फोटोपुरते नाहीत, पण तुमचा माल त्यातल्या एकातच बसतो, तोही वळसा घेऊन.

बीबीआयएन करार १५ जून २०१५ ला थिंफूत झाला. भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो नाकारला आणि उरलेल्या तिघांनी पुढे जायचं ठरवलं. चाचणीचे ट्रक धावले, कोलकाता-ढाका-आगरतळा हा ट्रक तर २०१५ च्या नोव्हेंबरातच गेला. पण मालवाहतुकीसाठी त्याचे नियम, म्हणजे परमिट, विमा, सील, चालकाचा व्हिसा, वाहन परत गेलं नाही तर जबाबदार कोण, हे जुळवण्यातच वर्षं गेली. म्हणून भारतीय ट्रक बेनापोलच्या यार्डात रिकामा होतो आणि माल तिकडच्या ट्रकवर चढतो. आणि हा करार उद्या पूर्ण लागू झाला तरी तुम्हाला फरक नाही. बंदी सुताला आणि त्या दारांना आहे, ट्रक कोणाचा याला नाही.

चितगाव-मोंगलाचा करार ऑक्टोबर २०१८ चा. तो भारतातून निघून भारतातच जाणाऱ्या मालासाठी आहे. जुलै २०२० च्या पहिल्या खेपेत कोलकात्याहून चार कंटेनर चितगावला उतरून आखाउडामार्गे आगरतळ्याला गेले, दोनांत लोखंडी सळ्या आणि दोनांत डाळ. त्याचे दर टनाला २० टका ट्रान्सशिपमेंट, १०० सुरक्षा, ५० एस्कॉर्ट असे मांडलेले आहेत. तुमचं सूत नारायणगंजला थांबतं, ते ट्रान्झिट नव्हे, सरळ आयात आहे.

राहिला कोस्टल शिपिंग करार, ६ जून २०१५. याचा मुद्दा चांगला आहे. दोन्ही देश एकमेकांच्या जहाजाला बंदर शुल्कात देशी जहाजासारखं वागवतात, आणि समुद्रात जाणाऱ्या मोठ्या जहाजाऐवजी नदी-समुद्र वर्गातलं लहान जहाज चालतं, त्यामुळे कोलंबोचा वळसा टळतो. पण त्यातली भारतीय बंदरं सगळी पूर्व किनाऱ्याची: कोलकाता, हल्दिया, पारादीप, विशाखापट्टणम, काकिनाडा, कृष्णपट्टणम, चेन्नई. न्हावा शेवा त्यात नाही.

म्हणजे कोलकात्याचा पर्याय उरतो. धुळ्याहून तो महागच पडेल, न्हावा शेवा तुम्हाला साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. नागपूर-अमरावतीच्या गिरण्यांनी मात्र हिशोब करून बघावा. नागपूरहून रेल्वेने मुंबई साधारण ८४० आणि हावडा ११३० किलोमीटर. जमिनीवर तीनशे किलोमीटर जास्त जातात, समुद्रात दोन आठवडे वाचू शकतात. कोलकात्याहून ढाक्याजवळच्या पानगाव नदीबंदरालाही कंटेनर जातो, आणि नारायणगंज पानगावहून हाकेच्या अंतरावर आहे. अडचण अशी की कोलकाता गोदी हुगळीच्या मुखाजवळच्या सँडहेड्सपासून २३२ किलोमीटर आत आहे, कुलूपदारातून (लॉक गेट) आणि भरतीवर जहाज घ्यावं लागतं, आणि पानगावची फेरी वेळापत्रकाप्रमाणे लागेलच असं नाही. बुकिंग करण्याआधी मागच्या तीन फेऱ्यांच्या ठरलेल्या आणि खऱ्या तारखा एजंटकडून मागून घ्या.

जाता जाता एक गंमत. भारतानेही १७ मे २०२५ पासून बांगलादेशी तयार कपडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातून येऊ दिले, आणि २७ जूनच्या आदेशाने तागाच्या बऱ्याच वस्तूंना फक्त न्हावा शेवा ठेवलं. कोलकात्याच्या दारातला ताग अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून उरणला उतरायचा! हे आदेश दोन्हीकडून येत-बदलत असतात, तेव्हा एलसी दुरुस्तीला टाकण्याआधी त्या आठवड्याचा आदेश वाचा. मागच्या महिन्याचा पीडीएफ फॉरवर्ड करू नका.

---

उरणकर

चितगावला उतरल्यानंतरचं थोडं, कारण ते बिल फिरून तुमच्याच भावावर येतं.

बंदरात एफसीएलला (एकाच मालकाच्या भरलेल्या कंटेनरला) चार दिवस भाडं माफ, मग टप्प्याटप्प्याने चढतं. ते बंदराचं. डबा रिकामा करून परत देण्याचे दिवस वेगळे, ते जहाज कंपनीचे, आणि ते बुकिंग करतानाच १४ दिवस लेखी मागून घ्या. डबा उतरल्यावर मागितले तर मिळत नाहीत.

तिकडे बरेच कंटेनर बंदराच्या यार्डातच उघडून माल ट्रकवर टाकतात. ढाका-चितगाव महामार्गावर दाऊदकांदी आणि सीताकुंडाला वजनकाटे आहेत, सहाचाकी गाडीला १३ टन मालाची मर्यादा. तुमचे १९ टन एका गाडीत जात नाहीत, दोन लागतात. खरेदीदार 'भाडं दुप्पट झालं' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला विचारा: डबा ट्रेलरवर सीलबंद कारखान्यापर्यंत नेतोस, की रेल्वेने ढाक्यातल्या कमलापूरच्या आयसीडीला (देशांतर्गत कंटेनर डेपोला)? कमलापूर म्हणाला तर बीएलवर तसं लिहून घ्यावं लागेल आणि ४४बी परत भरावा लागेल, म्हणून हा प्रश्न एलसी दुरुस्तीच्या आधी विचारायचा.

---

खानदेशी_सूत

खरेदीदाराला विचारलं. ट्रेलरवर सीलबंदच नेणार म्हणतो, त्यामुळे ४४बी रिकामा. दुरुस्ती ४४ई, ४४एफ, ४४सी, ४३टी आणि ४६ए अशी एकत्र टाकतोय. ३९६ पेट्या. एकच शंका, आठ पेट्यांवरची छपाई स्टेन्सिलने चालेल ना?

---

एलसी_वाचक

चालेल, शाई तेलाची घ्या. पाण्याची शाई ओल्या पुठ्ठ्यावर पसरते. ३९६ चे दोन टक्के ७.९२ होतात, म्हणून आठ ठीक, पण दहावर मारा. दोन पेट्या वाटेत फाटल्या तरी आठ शिल्लक राहतील.