सीओपीडीच्या रुग्णासाठी हायड्रोजन वायूचे यंत्र घ्यावे का?

देवगडकर_७२ :
नमस्कार. माझ्या वडिलांचे अर्धे आयुष्य चिऱ्याच्या खाणीवर गेले आणि बिडीही फार उशिरा सुटली. सीओपीडीसाठी (श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) त्यांचे इनहेलर चालू आहेत, तरी पावसाळ्यात न्हाणीघरापर्यंत जाऊन आले की त्यांना ओटीवर टेकावेच लागते. आमच्या डॉक्टरांनी आता घरी ऑक्सिजन सुरू करण्याचा विषय काढला आहे. त्यातच गावात झालेल्या एका शिबिरात पाण्यापासून हायड्रोजन तयार करणारे यंत्र दाखवण्यात आले. नाकात नळी लावून अर्धा तास बसल्यावर वडिलांना बरे वाटले, हे खरे आहे. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे हा उपचार जपानमध्ये सरकारमान्य असून हे यंत्र घेतल्यास ऑक्सिजनची गरजच उरणार नाही. किंमत मात्र आमच्या कलमांच्या एका हंगामाच्या उत्पन्नाला भिडते. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

छातीविकार_रत्नागिरी :
संशोधन खोटे नाही, पण विक्रेत्याने त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. हायड्रोजन पेशींना इजा करणाऱ्या हायड्रॉक्सिल रॅडिकलना निवडून निष्प्रभ करतो, असे निप्पॉन मेडिकल स्कूलच्या संशोधकांनी २००७ मध्ये उंदरांवरील प्रयोगातून मांडले आणि तेव्हापासून या विषयाला गती आली. जपानमध्ये २०१६ साली जी मान्यता मिळाली, ती हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या, बेशुद्ध रुग्णांवर रुग्णालयात चाचणी करण्यापुरती होती. ७३ रुग्णांच्या त्या चाचणीत १८ तास २ टक्के हायड्रोजन देण्यात आला. ९० दिवसांनी हायड्रोजन गटातील ८५ टक्के रुग्ण जिवंत होते, तर हायड्रोजन न दिलेल्या गटातील ६१ टक्के. मात्र मेंदूचे कार्य चांगले राहणे हा जो मुख्य निकष होता, त्यातील ५६ विरुद्ध ३९ टक्के हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही, आणि कोविडमुळे चाचणीही मुदतीआधीच थांबवावी लागली.

तुमच्या वडिलांच्या आजाराशी जवळची म्हणावी अशी चाचणी चीनमधील आहे. दहा केंद्रांतील १०८ रुग्णांवर झालेल्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सीओपीडी अचानक बळावलेल्या रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीने हायड्रोजन-ऑक्सिजनचे मिश्रण दिल्यावर धाप, खोकला आणि कफ ही लक्षणे नुसत्या ऑक्सिजनपेक्षा अधिक कमी झाली, परंतु फुप्फुसांची क्षमता आणि रक्तातील ऑक्सिजन यांत दोन्ही गटांत विशेष फरक दिसला नाही. शिवाय त्या मिश्रणात एक तृतीयांश ऑक्सिजनच होता. शिबिरातील यंत्रही मिश्रणाचे असेल, तर वडिलांना वाटलेल्या आरामाचे श्रेय कोणत्या वायूला द्यायचे, हे तुम्हीच ठरवा.

हायड्रोजन ऑक्सिजनची जागा घेऊ शकत नाही. धमनीतील रक्तात ऑक्सिजनचा दाब ५५ मिलिमीटर (पारा) किंवा त्याहून कमी असेल, तर दिवसाचे किमान १५ तास ऑक्सिजन घेतल्याने आयुष्य वाढते, हे १९८०-८१ च्या अमेरिकी आणि ब्रिटिश चाचण्यांनी दाखवून दिलेले आहे. त्यामुळे आधी धमनीच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी.

निवृत्त_रसायन_शिक्षक, चिपळूण :
मी डॉक्टर नाही, परंतु या वायूच्या स्वभावाविषयी लिहिणे आवश्यक वाटते. हवेत ४ पासून ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात हायड्रोजन पेट घेतो. टेरिकॉटचा सदरा अंगातून काढताना होणारी चटचटसुद्धा त्याला पुरते, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. जपानी चाचणीतील २ टक्के हे प्रमाण या मर्यादेच्या खाली येते, हे लक्षात घ्यावे. पाण्याचे विघटन करून दोन्ही वायू एकाच नळीतून सोडणाऱ्या यंत्रात मात्र दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन, म्हणजे सुमारे ६६ टक्के हायड्रोजन, आणि तोही हवेऐवजी ऑक्सिजनच्या सोबतीला. नळीच्या तोंडाशी ठिणगी पडली तर आग उलट यंत्रात शिरते.

घाबरवण्याचा हेतू नाही, म्हणून हिशोबही मांडतो. मिनिटाला ३०० मिलिलिटर शुद्ध हायड्रोजन देणारे छोटे यंत्र बारा बाय दहाच्या खोलीत चालवले, तर दारे-खिडक्या घट्ट बंद असूनही खोलीभर ४ टक्के प्रमाण व्हायला दोन दिवसांहून अधिक काळ लागेल. आपल्या कौलारू घरात तर तो वरच्या वर निघून जाईल. खरा धोका यंत्रात, नळीत आणि नाकापाशी आहे. देवघरातली समई, उदबत्ती किंवा कोणाची बिडी तिथवर पोहोचता कामा नये.

देवगडकर_७२ :
आभारी आहे. विक्रेत्याला विचारले असता यंत्र ‘वेलनेस’साठी असल्याचे खोक्यावर छापलेले असते, असे उत्तर मिळाले. हा वायू शरीराला विषारी तरी नाही ना?

छातीविकार_रत्नागिरी :
विषारी नाही. आपल्या आतड्यांतील जिवाणू रोजच हायड्रोजन तयार करतात, आणि फ्रान्समधील कोमेक्स या कंपनीच्या एका पाणबुड्याने १९९२ साली हायड्रोजनमिश्रित वायू श्वासात घेऊन ७०१ मीटर खोलीइतका दाब सोसला होता. पण निरुपद्रवी असणे वेगळे आणि औषध असणे वेगळे. आजारावरील उपचार म्हणून विकल्या जाणाऱ्या उपकरणाला २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली परवाना लागतो. ‘वेलनेस’ या शब्दाआड तोच टाळला जातो. परवाना क्रमांक लेखी मागा. वडिलांचे इनहेलर मात्र एक दिवसही बंद करू नका, आणि पुढच्या भेटीला येताना ते सोबत आणा, कारण निम्म्याहून अधिक रुग्णांची ओढण्याची पद्धतच चुकलेली मला रोज दिसते.