मदत हवी आहे: पिकअपचं स्टेअरिंग वळवताना घूंऽऽ आवाज, पंप बदलायलाच हवा का?

नमस्कार मंडळी,

गाडी डिझेल पिकअप, १ लाख ४२ हजार किलोमीटर झालेत. पॉवर स्टेअरिंग हायड्रॉलिक आहे, म्हणजे बेल्टवर फिरणारा पंप आणि ऑइलवालं. ओतूरहून नारायणगाव मार्केटला टोमॅटो नेतो. सीझनला रोज फेरी, मागे ६०-७० कॅरेट.

तीन आठवड्यांपासून स्टेअरिंग वळवलं की बोनेटमधून घूंऽऽ असा आवाज येतो. पहाटे गाडी गार असताना सगळ्यात जास्त. मार्केटमध्ये रिव्हर्स घेताना तर आजूबाजूचे वळून बघतात. रेस दिली की आवाजही चढतो. सरळ रस्त्यावर जवळजवळ नाहीच. गाडी तापली की निम्म्याने कमी होतो. स्टेअरिंग जड नाही, पण मधेच क्षणभर अडकल्यासारखं होतं आणि मग सुटतं.

गॅरेजवाल्याने दोन मिनिटं ऐकलं आणि "पंप गेला" म्हणून मोकळा झाला. नवीन साडेनऊ हजार, मजुरी वेगळी. मी बेल्ट बघितला, चिरा नाहीत, ताणही ठीक वाटतो. खाली ऑइलचा थेंब नाही. तरी टाकीतली लेव्हल खालच्या खुणेच्याही खाली होती, म्हणून पाव लिटर टाकलं. दोन दिवस बरं, मग परत तेच. टोमॅटोला भाव नाही, त्यात साडेनऊ हजार घालायचे तर आधी खात्री हवी. पंप गेलाय हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद १

पंपाला हात लावू नका अजून. आधी टाकीचं झाकण काढा, इंजिन चालू ठेवून कोणाला तरी स्टेअरिंग दोन्ही बाजूंना फिरवायला सांगा आणि आत बॅटरी मारून बघा. ऑइल लाल आणि स्वच्छ दिसतंय की सोलकढीसारखं गुलाबी, फेसाळ? फेस असेल तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतोय आणि घूंऽऽ तिचाच आहे. बेल्ट घसरला तर आवाज बारीक आणि चिरका येतो, कुत्र्याच्या पिल्लावर पाय पडल्यासारखा. फुल कट मारून धरल्यावर येणारा सूं आवाज वेगळा. तिथे प्रेशर वाढून व्हॉल्व्ह उघडतो, तो सगळ्याच गाड्यांना येतो. फक्त तसं ४-५ सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, ऑइल तापतं.

प्रतिसाद २

पाव लिटर टाकलं ते कुठलं, हे लिहा ना भाऊ. ब्रेक ऑइल टाकलं असेल तर सगळी सीलं फुगून जातील. झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिलाय तोच टाकायचा. "लाल आहे म्हणजे चालतं" असं नसतं.

धागाकर्ता

ऑइल मॅन्युअलमधलंच, डबा जपून ठेवलाय. बॅटरी मारून बघितलं आत्ता. सोलकढीच आहे! वर साबणासारखा फेस. पण खाली गळत नाही, मग हवा शिरते कुठून?

प्रतिसाद १

टाकीतून पंपाकडे जाणारा जाडा रबरी पाइप बघा. पंप तिथून ऑइल ओढतो, त्यामुळे त्या पाइपात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. बारीक फट असली तर चालू गाडीत ऑइल बाहेर पडण्याऐवजी हवा आत जाते. जमीन कोरडी राहते ती म्हणून. पहाटे ऑइल घट्ट असतं, पंपाला जोर लावून ओढावं लागतं, म्हणून तेव्हा आवाज जास्त. तुमची लक्षणं बरोबर बसतात.

इंजिन बंद ठेवून त्या पाइपाच्या दोन्ही टोकांना जॉइंटभोवती बोटाने ग्रीस थापा, मग चालू करा. आवाज लगेच उतरला तर चोर तिथेच. आणि टाकीच्या तळाला जाळी असते, ती तुंबली तरी पंप उपाशी राहतो आणि असाच रडतो. काढलंच आहे तर तीही बघून घ्या.

प्रतिसाद ३

जुनं ऑइल पांढऱ्या कपड्यावर ओतून उन्हात धरा. चमचम करणारी धातूची कणी दिसली तर मात्र गॅरेजवाला बरोबर. मग नुसता पंप बदलून भागत नाही, अख्खी लाइन धुवावी लागते, नाहीतर तीच कणी नवा पंप खाते.

धागाकर्ता

चार दिवसांनी लिहितोय, माफ करा.

ग्रीस पंपाकडच्या टोकाला थापलं आणि आवाज अर्ध्यावर आला. क्लिप काढली तर पाइपाचं तोंड कडक झालेलं, नखाने दाबलं तरी दबेना, आणि क्लिपच्या बरोबर खाली केसाएवढी चीर. मग आठवलं, दिवाळीच्या आधी इंजिनचं काम केलं तेव्हा हा पाइप काढला होता आणि लावताना मूळची स्प्रिंगची क्लिप जाऊन स्क्रूची आली. ती आवळून आवळून रबरात रुतवलेली. पाइप आणि दोन क्लिपा मिळून ४३० रुपये. जाळीवर काळा चिखल होता, तो डिझेलने धुऊन वाळवला. कपड्यावर चमचम नाही.

हवा काढायला पुढची चाकं जॅकवर उचलली, इंजिन बंद ठेवून २० वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टेअरिंग फिरवलं. पोराला टाकीपाशी उभं केलं होतं, बुडबुडे आले की ओरडायला आणि लेव्हल उतरली की ऑइल घालायला. बुडबुडे थांबल्यावर चालू करून परत तेच.

आज पहाटे साडेचारला भरलेली गाडी काढली. पहिली दहा सेकंद बारीक कुरकुर, नंतर शांत. ही कुरकुर उरलेल्या हवेची असेल का? की पंपाने तीन आठवडे हवा खाल्ली त्याची?

प्रतिसाद १

दोन्ही शक्य आहे. आठवडाभर चालवा, रोज सकाळी सुरू करण्याआधी लेव्हल बघा. कुरकुर कमी होत गेली तर हवा. तशीच राहिली आणि लेव्हल हलत नसेल तर पंपाला थोडा मार बसलाय, पण हा सीझन निघेल.